हाताने गुंडाळलेल्या कॉइलचा रेझोनन्स दर वेळी वेगळा येतो? आधी प्रोब सोडवा

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस जवळ आले की बेळगावात, वडगावच्या आमच्या घरी, संध्याकाळी कोणी ना कोणी पिशवीत कॉइल घेऊन येतंच. कॉलेजच्या इलेक्ट्रॉनिक्स लॅबमध्ये मी बरीच वर्षं काढली. निवृत्त होताना एक जुना स्कोप (ऑसिलोस्कोप, सिग्नलची लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) विकत घेतला, त्यामुळे गल्लीत मी 'स्कोपवाल्या काकू'. येणाऱ्यांची तक्रार मात्र कायम एकच, रेझोनन्सची, म्हणजे कॉइल ज्या वारंवारतेला सगळ्यात जोरात घुमते त्या आकड्याची. मागच्या खेपेला खानापूरहून आलेल्या मुलाने ती आपल्या बोलीत सांगितली, "काकू, दर वेळी आकडा वेगळाच येऊलालाय. कॉइल बिघडली काय?"

कॉइल चांगली होती. ६३ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा पीव्हीसी पाईप, त्यावर २६ गेजची इनॅमलची तार, एकाला एक लागून १०० वेढे, लांबी साधारण ५ सेंटिमीटर. वेढे इतके सरळ की हात फिरवत राहावंसं वाटलं. गडबड त्याच्या मोजण्यात होती, आणि दहातल्या आठ वेळा ती तिथेच असते. म्हणून कॉइल उसवायच्या आधी खालच्या क्रमाने जा. सुरुवातीच्या तपासण्यांना एक पैसा लागत नाही.

लक्षणं

यातलं तुमचं कोणतं ते आधी ओळखा.

आकडा हिशेबापेक्षा खूपच खाली येतो, निम्मा किंवा त्याहूनही कमी. हात जवळ नेला की शिखर, म्हणजे सिग्नल सगळ्यात मोठा होतो ती जागा, सरकतं. एकाऐवजी तीन-चार शिखरं दिसतात आणि खरं कोणतं ते कळत नाही. काहीच दिसत नाही, सपाट रेघ. शिखर दिसतं पण बोथट, टेकडीसारखं पसरट. काल एक आकडा होता, आज पावसात दुसरा. (मी 'शिखर' म्हणते. लॅबमध्ये सगळे 'पीक' म्हणतात, पण आमच्या भागात पीक म्हटलं की लोकांना ऊस आठवतो.)

अपेक्षित आकडा कागदावर काढा

किती यायला हवं हेच माहीत नसेल तर चुकलं कसं कळणार? एकेरी थराच्या कॉइलसाठी व्हीलर यांचं १९२८ सालचं सूत्र आजही पुरतं. मापं इंचात घ्या. त्रिज्येचा वर्ग गुणिले वेढ्यांचा वर्ग, आणि त्याला भागायचं त्रिज्येची ९ पट अधिक लांबीची १० पट या बेरजेने. उत्तर, म्हणजे कॉइलचा इंडक्टन्स (प्रवाहातल्या बदलाला ती किती विरोध करते ते), मायक्रोहेन्रीत येतं. या कॉइलची त्रिज्या तारेच्या मध्यापर्यंत १.२५ इंच, लांबी १.९७ इंच, वेढे १००. उत्तर आलं ५०५ मायक्रोहेन्री.

आता कॉइलची स्वतःची कपॅसिटी, म्हणजे कपॅसिटरसारखा विद्युतभार साठवायची तिची क्षमता. कुठलाही कपॅसिटर जोडलेला नसताना कॉइल मुळात का घुमते, तर ती या कपॅसिटीमुळे. मेडहर्स्ट यांच्या १९४७ च्या तक्त्यावरून एक टोक अर्थ केलेल्या (जमिनीच्या तारेला जोडलेल्या), अशा आकाराच्या कॉइलला सेंटिमीटरमधल्या व्यासाला साधारण ०.४६ ने गुणायचं, म्हणजे जेमतेम ३ पिकोफॅरड. ५०५ मायक्रोहेन्री आणि ३ पिकोफॅरड मिळून रेझोनन्स येतो ४.१ मेगाहर्ट्झच्या आसपास. पाईप, वार्निश, टोकांच्या लोंबत्या तारा यांमुळे प्रत्यक्षात थोडा खाली येईल. ३.८ आला तरी मी खूश असते.

एक फसवा हिशेब मुलं हमखास करतात. तारेची लांबी काढायची, इथे ती २० मीटर, आणि ती पाव तरंगलांबी धरायची. त्याने ३.७५ मेगाहर्ट्झ येतं, खऱ्याच्या जवळ, आणि मुलं टाळ्या वाजवतात. तीच २० मीटर तार ३२ मिलिमीटरच्या पाईपवर गुंडाळा. १९६ वेढे होतील आणि रेझोनन्स ६ मेगाहर्ट्झपर्यंत जाईल. तार तेवढीच, आकार बदलला. एकदा जुळलं ते नशिबाने.

पहिली तपासणी: कॉइल कुठे ठेवली आहे?

लोखंडी टेबलावर, पत्र्याच्या कपाटाला टेकवून, स्टीलच्या ताटात (हेही पाहिलंय) कॉइल ठेवू नका. शेजारचा धातू कॉइलची कपॅसिटी वाढवतो. शिवाय कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रामुळे त्यात प्रवाह फिरतात, ते इंडक्टन्स कमी करतात आणि ऊर्जा खातात. त्यामुळे आकडा कुठल्याही बाजूला सरकू शकतो आणि शिखर बोथट होतं. लाकडी स्टूल घ्या, वर उलटा प्लास्टिकचा डबा, त्यावर कॉइल. चहूबाजूंनी निदान एक-दोन व्यास जागा मोकळी.

मग हात मागे घ्या. आपला हात म्हणजे काही पिकोफॅरड, आणि कॉइलची सगळी पुंजीच ३ पिकोफॅरडची. आकडा वाचताना टेबलावर वाकू नका.

दुसरी तपासणी: प्रोब कॉइलला लावलाय का?

ही तपासणी सगळ्यात महत्त्वाची, म्हणून इथे जरा थांबते.

खानापूरच्या मुलाने स्कोपचा प्रोब, म्हणजे मोजायची टोकदार वायर, थेट कॉइलच्या टोकाला चिमटला होता. प्रोबवरचा खटका कधी वन-एक्सवर (सिग्नल जसाच्या तसा), कधी टेन-एक्सवर (सिग्नलचा दहावा हिस्सा), तिकडे लक्षच नव्हतं. साधा प्रोब टेन-एक्सवर १२-१५ पिकोफॅरड भरतो आणि वन-एक्सवर केबल धरून १०० पिकोफॅरडच्या घरात जातो. आता त्याच कॉइलचा हिशेब करा. नुसत्या ३ पिकोफॅरडवर ४.१ मेगाहर्ट्झ. टेन-एक्सचे १२ मिळवले की १.८ मेगाहर्ट्झ. वन-एक्सचे १०० मिळवले की ०.७ मेगाहर्ट्झ. त्याच्या वहीत 'सोमवार १.८, मंगळवार ०.७' असं लिहिलेलं होतं आणि पोरगं दोन रात्री वेढे मोजत बसलं होतं. दोन्ही आकडे अचूक होते. ते कॉइल अधिक प्रोब या जोडीचे होते, एवढंच.

उपाय फुकट आहे. प्रोब टेन-एक्सवर ठेवा, त्याचा ग्राउंडचा चिमटा कॉइलच्या अर्थ केलेल्या टोकाला लावा आणि प्रोबचं टोक कॉइलच्या वरच्या टोकापासून तीन-चार सेंटिमीटरवर हवेत टांगा. स्पर्श नको. सिग्नल जनरेटरही (हव्या त्या वारंवारतेची लाट देणारं यंत्र) कॉइलला जोडायचा नाही. दोन-तीन वेढ्यांचं छोटं वेटोळं जनरेटरच्या केबलला लावा आणि ते कॉइलच्या अर्थकडच्या टोकाखाली चार-पाच सेंटिमीटरवर ठेवा. सिग्नल मिलिव्होल्टमध्ये येईल. येऊ दे. स्कोपचा नॉब फिरवा आणि जनरेटरचा सिग्नल पूर्ण वाढवा.

हे पुरेसं सैल झालंय की नाही ते कसं कळेल? वेटोळं आणि प्रोब दोन्हींचं अंतर दुप्पट करा. सिग्नल पडला पण शिखर त्याच जागी राहिलं, तर आकडा कॉइलचा. शिखर सरकलं तर तुम्ही अजून कॉइलमध्ये लुडबुड करताय. जागेवर ठरेपर्यंत लांब जात राहा.

एक टोक अर्थला आहे की दोन्ही मोकळी आहेत, तेही दर वेळी वहीत लिहा. दोन्ही टोकं मोकळी असली की पहिलं शिखर बरंच वर जातं, कारण मग कॉइल पाव लाटेऐवजी अर्ध्या लाटेवर घुमते. सोमवारी चिमटा होता, मंगळवारी नव्हता, यातूनही भांडणं झालेली आहेत.

तिसरी तपासणी: लाट साईन (गोलसर) आहे की चौकोनी?

स्वस्त जनरेटर चालू केला की बऱ्याचदा चौकोनी लाट निवडलेली असते. चौकोनी लाटेत मूळ वारंवारतेबरोबर तिची तिप्पट, पाचपट, सातपटही असते. म्हणजे ४.१ मेगाहर्ट्झची कॉइल जनरेटर १.३७ वर असतानाही घुमेल, कारण त्याची तिप्पट ४.१ होते. ०.८२ वरही घुमेल. ही शिखरं खोटी.

आमच्याकडे हे कानाने ऐकता येतं. धारवाड आकाशवाणी मध्यम लहरींवर ७६५ किलोहर्ट्झला आहे. जुना ट्रान्झिस्टर तिथे लावा, जनरेटरची तार रेडिओजवळ ठेवा आणि जनरेटर चौकोनी लाटेवर २५५ किलोहर्ट्झच्या आसपास हळूहळू फिरवा. ७६५ च्या जवळपासही नसताना रेडिओत शीळ वाजेल, कारण २५५ ची तिप्पट ७६५. साईनवर टाका, शीळ जवळजवळ नाहीशी होते. एकदा ही शीळ ऐकलेला मुलगा पुन्हा चौकोनी लाटेवर मोजत नाही.

याच रेडिओवर जनरेटरचा आकडाही तपासून घ्या. साईन लाट ७६५ च्या आसपास न्या. शीळ बारीक, मग जाड, मग अगदी थांबते. त्या क्षणी जनरेटरच्या पडद्यावर ७६५ दिसायला हवं. केंद्राची वारंवारता काटेकोर पाळलेली असते, त्यामुळे फरक दिसला तर चूक तुमच्या जनरेटरची. जुन्या डायलवाल्या जनरेटरमध्ये पाच-सात टक्क्यांची तफावत मी कैकदा पाहिली आहे. जनरेटरचा सिग्नल कमीत कमी ठेवा आणि काम झालं की बंद करा, शेजाऱ्यांच्या बातम्यांत शीळ नको.

सगळीच जादा शिखरं खोटी नसतात

साईन लाटेवरही वर दुसरं, तिसरं शिखर दिसेल. तो कॉइलचाच पुढचा रेझोनन्स. एक टोक अर्थ असलेल्या कॉइलचा दुसरा रेझोनन्स पहिल्याच्या तिपटीवर असेल असं वाटतं, पण तो तिपटीच्या बराच खाली येतो, कारण वेढे एकमेकांशी जोडलेले असतात आणि लाट कॉइलमध्ये सगळ्या वारंवारतांना सारख्या वेगाने जात नाही. यातून ओळखायची खूण मिळते. दोन शिखरांच्या वारंवारतांचं गुणोत्तर नेमकं ३ किंवा ५ आलं तर जनरेटरवर संशय घ्या. वेडंवाकडं आलं तर बहुधा खरं आहे. खात्री करायची असेल तर टांगलेला प्रोब कॉइलच्या अंगाने वरून खाली हळूहळू न्या. दुसऱ्या रेझोनन्सवर मध्ये कुठेतरी सिग्नल पडतो आणि पुन्हा वाढतो. पहिल्यावर तो वरच्या टोकाला सर्वात मोठा असतो आणि खाली येताना फक्त कमी होत जातो.

चौथी तपासणी: जनरेटर बंद केल्यावर काय उरतं?

आमच्या शेजारी यंत्रमाग आहेत. ते चालू असले की स्कोपवर गवत उगवतं. एलईडी बल्ब, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर यांचंही तेच. जनरेटर बंद करून स्कोपवर जे दिसतंय ते बाहेरचं. मी सरळ माग थांबल्यावर, जेवणानंतर मोजते.

पाचवी तपासणी: नॅनोव्हीएनए वापरत असाल तर पावलं मोजा

हल्ली मुलांकडे हे छोटं यंत्र असतं, ते स्वतःच सिग्नल पाठवतं आणि किती परत आला ते मोजतं, आणि तक्रार असते 'काहीच दिसत नाही'. मूळ नॅनोव्हीएनए एका फेरीत १०१ ठिकाणी मोजतं. ५० किलोहर्ट्झ ते ३० मेगाहर्ट्झ असा पट्टा लावला तर दोन ठिकाणांमध्ये जवळजवळ ३०० किलोहर्ट्झचं अंतर पडतं. चांगल्या कॉइलचं शिखर २५-३० किलोहर्ट्झ रुंद. ते दोन पावलांच्या मधे लपून बसतं. आधी ३ ते ५ मेगाहर्ट्झ लावा, पाऊल २० किलोहर्ट्झचं होतं. खळगा दिसला की ४.० ते ४.२ वर या.

इथेही केबल कॉइलला लावू नका. पहिल्या पोर्टवर तेच छोटं वेटोळं लावा, दूर ठेवा आणि परावर्तनातला (परत आलेल्या सिग्नलमधला) खळगा शोधा. पट्टा बदलल्यावर कॅलिब्रेशन पुन्हा करणं चांगलं, पण नुसती वारंवारता हवी असेल तर कॅलिब्रेशनवाचूनही खळगा आपल्या जागी दिसतो.

सहावी तपासणी: तार आणि पाईप

इथपर्यंत सगळं नीट असूनही शिखर बोथट असेल, तर आता कॉइलकडे वळा.

तार कुठून आणली, हा माझा पहिला प्रश्न. या कॉइलला तार लागते जेमतेम ३० ग्रॅम, आणि मोटार वायंडिंगवाले तार किलोवर विकतात. त्यांना कुणी ३० ग्रॅम मागितली की ते जळालेल्या पंपाच्या मोटारीतून उसवलेली तार फुकट देऊन टाकतात. माणूस भला, तार वाईट. मोटार जळताना इनॅमल करपतं, उसवताना तडकतं, आणि शेजारशेजारचे वेढे उघड्या तांब्याने एकमेकांना टेकतात. एक वेढा जरी शॉर्ट झाला तरी तो आतल्या आत प्रवाह फिरवून ऊर्जा खातो. मल्टिमीटरवर हे कळत नाही. २० मीटर तारेचा रोध २ ओहमच्या आसपास, त्यातला शंभरावा भाग मीटरच्या पिनांतच हरवतो. काळपट किंवा चुरचुरीत तार दिसली की नवी घ्या. वायंडिंगच्या दुकानात रिळाच्या तळाला उरलेली नवी तार मागितली तर बहुतेक जण देतात.

पाईपबद्दल. कापडाच्या ठाणाच्या आतली पुठ्ठ्याची नळी आमच्या भागात हवी तेवढी मिळते, गोल असते, मुलांना आवडते. जुलैत मात्र तिच्यावर काही गुंडाळू नका. खानापूरच्या बाजूच्या पावसात तर पुठ्ठा हाताला गार लागतो, इतकं पाणी पितो. पाण्याने कपॅसिटी वाढते आणि शिखर बसतं. फेव्हिकॉल लावून वेढे पक्के केलेत तरी तेच. तो पाण्यातला गोंद, पावसाळ्यात आतून आठवडाभर ओला राहतो. पुठ्ठाच वापरायचा असेल तर आधी चुलीजवळ किंवा बल्बखाली कोरडा करा, गरम असतानाच मेण पाजा, मग गुंडाळा. टोकं दोऱ्याने बांधा, गोंद नको.

सातवी, आणि सगळ्यात कष्टाची: कपॅसिटर जोडून रेषा काढणं

इंडक्टन्सवरच संशय असेल तर ही करा. कॉइलला एकामागून एक ४७, १००, २२० पिकोफॅरडचे कपॅसिटर लावा आणि प्रत्येकावर रेझोनन्स मोजा. या कॉइलला साधारण १००० किलोहर्ट्झ, ६९८ आणि ४७४ येतील. आलेखाच्या कागदावर आडवं कपॅसिटर आणि उभं 'एक भागिले वारंवारतेचा वर्ग' मांडा. तिन्ही बिंदू सरळ रेषेत यायला हवेत. रेषेच्या चढावरून इंडक्टन्स मिळतो. रेषा मागे वाढवली की ती आडव्या अक्षाला शून्याच्या डावीकडे जिथे छेदते, तेवढी कॉइलची स्वतःची कपॅसिटी. एखादा बिंदू बाहेर गेला तर आधी कपॅसिटरवरचा आकडा वाचा. '४७०' छापलेला म्हणजे ४७ पिकोफॅरड, '१०१' म्हणजे १००. मुलं '४७०' ला चारशे सत्तर धरतात आणि रेषेचा धनुष्य होतो.

या रीतीने इंडक्टन्स भरवशाचा मिळतो. स्वतःच्या कपॅसिटीवर मात्र मी विश्वास ठेवत नाही. ५ टक्क्यांच्या २२० च्या कपॅसिटरमध्येच ११ पिकोफॅरडची अनिश्चितता असते, आणि आपण ३ शोधतोय. एक टक्क्याचे मायका कपॅसिटर मिळाले तर बरं, नाहीतर ती कपॅसिटी दुसऱ्या तपासणीच्या आकड्यावरून काढा.

इथे हात थांबवा

कॉइल एखाद्या चालू उपकरणातली असेल तर वरचं काहीही करू नका. इंडक्शन शेगडीची कॉइल पाहून मुलांना मोह होतो. शेगडी उघडल्यावर आतल्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंत डीसी असू शकतो आणि तो प्लग काढल्यावरही टिकू शकतो. ती दुरुस्ती करणाऱ्याकडेच जाऊ दे. स्कोपच्या प्रोबचा ग्राउंड चिमटा भिंतीतल्या अर्थला जोडलेला असतो. तो लाईनवरच्या सर्किटला लावला तर ठिणगी तिथेच पडते, कधी हातातही. शेतातल्या पंपाची ४१५ व्होल्टची पेटी आणि मोटारीची कॉइल यांचा रेझोनन्स मोजायचं काही कारणच नाही. मोटार जळाली असेल तर वायंडिंगवाला, पेटी बिघडली असेल तर परवानाधारक इलेक्ट्रिशियन.

टेस्ला कॉइल (उच्च व्होल्टेजच्या ठिणग्या पाडणारी) बनवत असाल तर वीज लावण्याआधीपर्यंत ही पद्धत चालेल, त्यापुढे अनुभवी माणूस शेजारी असल्याशिवाय नाही. कॉइल ट्रान्समीटरसाठी असेल तर परवानाधारक हॅमला (हौशी रेडिओवाल्याला) दाखवा. परवान्याशिवाय प्रक्षेपण करता येत नाही. आणि इंडक्टन्सची एक टक्क्याच्या आतली अचूकता हवी असेल तर घरच्या स्टुलावर वेळ घालवू नका. ओळखीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या लॅबमध्ये अर्ज द्या आणि एलसीआर मीटरवर (इंडक्टन्स, कपॅसिटी आणि रोध मोजणाऱ्या यंत्रावर) मोजून घ्या. जाताना वही न्या, कोणतं टोक अर्थला होतं ते तिथले सर पहिल्यांदा विचारतील.

खानापूरच्या त्या कॉइलला प्रोब सोडवून, माग थांबल्यावर, प्लास्टिकच्या डब्यावर ३.९ आलं.